अर्जदार श्रीमंत आहे

नवनगर
(हुबळीहून धारवाडला जाणारी आणि धारवाडहून हुबळीला जाणारी, दोन्ही बसेस इथे थांबतात, आमच्याकडे येणारं मात्र कोणी उतरत नाही)
बुधवार, सकाळ

तीर्थस्वरूप रुक्मिणीआत्या यांच्या चरणी उत्तराचा नमस्कार. साष्टांग लिहिणार होते, पण आठव्या महिन्यात आठही अंगं जमिनीला लावायची म्हटलं की मधे जे आहे ते कबूल होत नाही. तेव्हा सध्या उभ्यानेच, एक हात कमरेवर ठेवून केलेला नमस्कार गोड मानून घ्यावा, राहिलेला बाळंतपणानंतर पोचता करीन. तुमचा उजवा गुडघा कसा आहे? (डावा बरा असणार. माझ्या डोहाळजेवणाला न येण्याचं कारण सांगताना तुम्ही फक्त उजव्याचं नाव घेतलं होतं.) तेल चोळता का? कलघटगीत पाणी रोज येतं का? मागच्या दारच्या लिंबाला लिंबं धरली का? आणि तुमचे बंधू, म्हणजे आमचे अप्पा, बाजाराच्या दिवशी दुकानाचं कापड घेऊन येतात तेव्हा अजून तुमच्याकडेच जेवतात ना? हा शेवटचा प्रश्न सहज विचारला आहे असं समजा.

तुम्ही म्हणाल, आजकाल पत्र कोण लिहितं, फोन करायचा. आत्या, तुम्हाला फोन केला की तुम्ही "हं", "हं", "बघू", "ठेवते" एवढेच चार शब्द बोलता, आणि मला कळतं की अप्पा समोर बसलेत. ते समोर नसतात तेव्हा तुम्ही रडता. तुम्ही रडलात की मी रडते, मग पोटातलं लाथा मारतं, आणि बोलायचं ते राहूनच जातं. पत्राला रडता येत नाही आणि मधेच ठेवूनही देता येत नाही. शिवाय नाव उत्तरा असूनही मला दीड वर्षात घरून एका शब्दाचं उत्तर आलेलं नाही, तेव्हा निदान प्रश्न तरी नीट लिहून पाठवावेत असं ठरवलं.

आधी घरची हालहवाल. श्रीवत्स खुशाल असावा. असावा म्हणते, कारण तो त्याच्या सरांबरोबर कोप्पळकडच्या खेड्यांतून शिलालेखांचे ठसे घेत फिरतो आहे आणि तिथे फोन लागत नाही. टेकडीवर चढला की लागतो. मग धापा टाकत विचारतो, बरी आहेस ना, आणि मी बरी आहे म्हणेपर्यंत तो उतरायला लागलेला असतो. हजार वर्षांपूर्वीच्या राजाने कुठल्या देवळाला किती जमीन दिली हे त्याला दगडावर बोट ठेवून वाचता येतं. स्वतःची शिष्यवृत्ती चार महिने कुठे अडकली आहे ते मात्र अजून वाचता आलेलं नाही. त्याच्या घरच्यांचं तुम्हाला माहीतच आहे. त्यांच्या घरात कांदा चालत नाही आणि आपल्या घरात कांद्याशिवाय चालत नाही, एवढ्यावरून दोन्ही घरांनी आमचं लग्न नाकारलं. म्हणून आम्ही खोली घेतली ती धारवाड आणि हुबळीच्या बरोबर मधोमध, म्हणजे कोणालाच लांब पडू नये. दोघांनाही सारखीच लांब पडली. (मी घरात कांदा घालते. श्रीवत्स आवडीने खातो. हे त्याच्या आईला कळवू नये.)

मी स्वतः ठीक आहे. खरंच ठीक आहे. एम.ए.चं शेवटचं सत्र राहिलं आहे. विषय अर्थशास्त्र, त्यामुळे पैसे का नाहीत हे मला तीन वेगवेगळ्या पद्धतींनी आकृती काढून दाखवता येतं. सकाळी भात करते, दोन वेळा तोच खाते, पुस्तक उघडते, मिटते. कधी कधी चिगरी, म्हणजे हुबळी-धारवाडच्या त्या एसी बसमध्ये बसून उणकलपर्यंत जाते आणि तशीच परत येते. तिकडे काही काम नसतं. पण बसमध्ये चढलं की बायका उठून जागा देतात आणि विचारतात, कितवा गं? डॉक्टरने काय सांगितलं? जेवण जातं का? हे सगळं विचारणारं घरात कोणी नाही, म्हणून मी तिकीट काढून विचारून घेते. अर्थशास्त्रात याला काय म्हणतात ते पुस्तकात सापडलं नाही.

आता मुख्य भानगडीकडे येते. पुण्यात काही दानशूर मंडळींचा एक ट्रस्ट आहे. (नाव इतकं लांब आहे की अर्जावर ते लिहूनच अर्धं पान भरतं.) शिकता शिकता आई होणाऱ्या गरजू मुलींना हा ट्रस्ट बाळंतपणाचा खर्च आणि पुढे सहा महिने घरखर्चाला काही रक्कम देतो, म्हणजे मुलीला शिक्षण सोडावं लागू नये. ही मदत मिळाली तर मी परीक्षा देणार, नाही मिळाली तर शेवटचं सत्र सोडून कुठेतरी हिशेब लिहायला जाणार. आणि एकदा सोडलेलं शिक्षण पुन्हा धरलेली बाई मी आपल्या घरात पाहिलेली नाही. (तुम्ही सातवीत सोडलंत आणि अजून म्हणता, पुढच्या वर्षी बघू.) तेव्हा मी अर्ज केला. त्यात एक रकाना होता, "आधार देणारे नातेवाईक". मी लिहिलं, निरंक. लिहिताना काही वाटलं नाही. कार्यालयीन शब्दांचा हा एक फायदा असतो.

अर्ज गेला आणि इकडे आमच्या घरमालकीण गोदूबाई जाग्या झाल्या. खालच्या मजल्यावर त्या एकट्याच राहतात, वय पंचाहत्तर, अर्धं वाक्य मराठीत सुरू करून कानडीत संपवतात आणि भाड्याचा विषय निघाला की दोन्ही भाषा विसरतात, हे त्यांचे माझ्यावर मोठे उपकार. एके दिवशी जिना चढून वर आल्या, माझे दोन्ही हात धरून पाहिले आणि म्हणाल्या, "सातवा संपत आला आणि हातात हिरव्या बांगड्या नाहीत, हे काय गं यव्वा? माहेरचं कोणी येईना तर न येऊ दे. मी काय मेले काय?" आणि माझं श्रीमंत करायचं ठरलं. आपण डोहाळजेवण म्हणतो, पोथीत सीमंत म्हणतात, आणि इथे बोलता बोलता त्याचं श्रीमंत होतं. हिचं श्रीमंत कधी, असं लोक भररस्त्यात विचारतात आणि कोणाला काही वावगं वाटत नाही. (हे तुम्हाला सांगायला नको, पण पुण्याच्या लोकांना सांगावं लागलं, तेव्हापासून मला सगळ्यांनाच समजावून सांगायची सवय लागली आहे.)

आत्या, तो थाट तुम्ही पाहायला हवा होता. साडी गोदूबाईंच्या लग्नातली, रेशमी, इतकी जड की मी आणि पोट दोघंही दबून गेलो. दागिने गल्लीतल्या बायकांचे. प्रत्येकीने आपापला दागिना स्वतः घातला आणि प्रत्येकीने कानात सूचना दिली, याचा फासा सैल आहे, वाकू नकोस, याचा मणी निसटतो, हसू नकोस. एका हाराबरोबर त्याची मालकीणही आली आणि तीन तास माझ्या शेजारून हलली नाही. खुर्ची मंडपवाल्याकडची, लग्नात नवरीला बसवतात ती, सोनेरी सिंहांच्या हातांची. मागे कानडीत फलक, श्रीमंत कार्य. आता खरी अडचण अशी की पहिली ओटी आणि खण माहेरचा. त्यावर गोदूबाईंनी उभ्या उभ्या माझं माहेर नेमलं. समोरच्या शिवणकामवाल्या बाई काकू झाल्या, कोपऱ्यावरच्या दूधवाल्या मामी झाल्या, आणि माझ्या वर्गातली वेदश्री, वय वर्षं बावीस, ती मावशी झाली. बाकी सगळ्या आत्याच. (तुमची जागा एकटीने भरून निघाली नाही, सत्तावीस जणी लागल्या.)

हे असं रंगात आलेलं असताना दारात स्कूटर थांबली आणि वादिराज मास्तर आत आले. हे धारवाडचे निवृत्त मुख्याध्यापक, देवमाणूस, पुण्याच्या ट्रस्टचं इथलं काम फुकट करतात. अर्ज केलेल्या मुलीची परिस्थिती खरोखर बिकट आहे का, हे न कळवता घरी येऊन पाहायचं, असा नियम आहे. त्यांनी पाहिलं ते असं, की बिकट परिस्थिती सोन्याच्या सिंहांवर बसली आहे आणि तिच्या गळ्यात चार हार आहेत. मला उठता येईना, कारण फासा सैल. बोलता येईना, कारण तोंडात होळगी, म्हणजे इकडची पुरणपोळी. आणि बायकांना वाटलं, हा सासरकडचा कोणी माणूस पाहणी करायला आला आहे, तेव्हा आपल्या पोरीचं माहेर कमी दिसता कामा नये. मास्तरांनी वही काढून एकेकीला विचारलं, आपण कोण? काकू. मामी. मावशी. आत्या, आत्या, आत्या. वेदश्री तर एवढी पेटली की तिने चांदीचा पाळणा ठरवला असल्याचं सांगितलं. मास्तरांनी सगळं लिहून घेतलं, दोन होळग्या खाल्ल्या, मला आशीर्वाद दिला आणि गेले.

संध्याकाळी पाच वाजता मंडपवाला खुर्ची घेऊन गेला. मग दागिने गेले, एकेक, ज्या क्रमाने आले त्याच क्रमाने. साडी घडी होऊन खाली गेली. सहाला मी गाऊन घालून भांडी विसळत होते, आणि हातात फक्त हिरव्या बांगड्या राहिल्या होत्या, कारण त्या परत मागता येत नाहीत. त्या भांड्यांवर वाजत होत्या. दिवसभर मी अजिबात रडले नव्हते, हाराची मालकीण शेजारी असताना रडणं बरं दिसलं नसतं. तेव्हा मात्र रडले. दुःख नव्हतं हो, इतक्या सगळ्या जणी एकदम गेल्या म्हणून नुसतं मोकळं मोकळं झालं. आणि पाणी बंद केल्यावर बांगड्यांचा आवाजही थांबला.

मास्तरांनी अहवाल पाठवला. त्यांचं मराठी शाळेत शिकलेलं आणि नंतर कानडीत मुरलेलं. मी तो कागद पाहिला आहे, जसाच्या तसा लिहिते: "अचानक भेट दिली असता अर्जदाराचे श्रीमंत होत असल्याचे प्रत्यक्ष पाहिले. माहेरकडील नातेवाईक हजर, सुमारे तीस. चांदीच्या पाळण्याचे समजले. होळगी उत्तम. मदतीची जोरदार शिफारस करतो." पंधरा दिवसांनी पुण्याहून उत्तर आलं, की स्थानिक अहवालानुसार अर्जदार श्रीमंत आहे व तिला नातेवाईकांचा भरपूर आधार आहे, सबब अर्ज नामंजूर, शिफारस कशाच्या आधारे केली याचा बोध होत नाही. ते पत्र घेऊन मास्तर स्वतः आले, आमच्या एकुलत्या एक खुर्चीवर बसले. मग म्हणाले, "सीमंत लिवायला पायजे होतं बघ, उत्तराव्वा. सवयीनं हात गेला." त्यांना इतकं वाईट वाटलं की शेवटी मीच त्यांची समजूत काढली आणि चहात साखर जास्त घातली.

मास्तर स्वस्थ बसणारे नाहीत. त्यांनी पुण्याला तीन पानांचा खुलासा पाठवला, सीमंत शब्दाची संस्कृतातली उत्पत्ती, त्याचा इकडच्या तोंडी झालेला अपभ्रंश, आणि शेवटी श्रीमंतीचा व अर्जदाराचा कोणताही संबंध नसल्याची ग्वाही. ट्रस्टने मोठ्या मनाने शब्द मान्य केला. पण तीस नातेवाईक आणि पाळणा त्यांच्या डोक्यातून जाईना. आता काय सांगायचं, की त्या बायका माझ्या कोणी नाहीत? मास्तरांनी तेही लिहितो म्हटलं, पण मी नको म्हणाले. ज्यांनी एक दिवस माझी माणसं व्हायचं कबूल केलं त्यांना कागदावर परकं ठरवायचं मला जमलं नाही. तेव्हा ट्रस्टने दुसरा मार्ग काढला. वडिलांनी सही करून द्यावं: "मी माझी मुलगी उत्तरा हिला कोणतीही मदत करत नाही व यापुढे करणार नाही. तिचा माझ्याशी आर्थिक वा अन्य संबंध राहिलेला नाही." महिनाअखेरपर्यंत कागद पोचला तर मदत मंजूर, नाहीतर फाईल बंद.

तो कागद सोबत जोडला आहे. आर्थिक म्हणजे काय ते मला कळतं, दोन वर्षं तेच शिकते आहे. अन्य म्हणजे काय, ते मला तो कागद आल्यापासून एकेक करून आठवतं आहे. आई गेली त्या वर्षी मी शाळेतून थेट दुकानात यायचे, कापडाच्या गठ्ठ्यावर बसून पाढे म्हणायचे, आणि अप्पा मीटरच्या पट्टीने फळीवर ठेका धरायचे. सतराचा पाढा चुकला की पट्टी थांबायची. गिऱ्हाईक समोर उभं असलं तरी मी सुधारेपर्यंत थांबायची. आता हे सगळं त्या एका शब्दात बसवायचं म्हणजे शब्द लहान पडतो, पण ट्रस्टने छापलेला आहे, माझा इलाज नाही. मला अप्पांची फार आठवण येते, आत्या. हे एक वाक्य गमतीत घेऊ नये.

तर तुमच्याकडे काम एवढंच. येत्या बाजाराच्या दिवशी अप्पा जेवायला आले की कागद पुढे करावा. जेवणाआधी नको, भुकेला माणूस कशावरही सही करतो. भाकरी झाली, ताक झालं, हात धुऊन ते पानाचा डबा उघडतील तेव्हा करावा. सोबत काही बोलू नये, तुम्ही बोललात की रडाल. दीड वर्ष ते माझं नाव घेत नाहीत, म्हणजे सही करायला त्यांना काही जड जाऊ नये, फक्त माझं नाव तेवढं वाचावं लागेल. निळी शाई चालेल. तारीख घालायला सांगावी, घाईत विसरतात.

बाकी सर्व क्षेम. बाळ भरपूर हलतं, विशेषतः मी राजकोषीय तूट वाचायला घेते तेव्हा. गोदूबाई रोज एकदा येऊन पोटाकडे बघून जातात. तुमच्या गुडघ्याला, लिंबाच्या झाडाला आणि घरातल्या सगळ्यांना यथायोग्य. ज्यांना नमस्कार सांगता येत नाही त्यांच्या चपला दारात दिसल्या तर जरा सरळ करून ठेवा, मला पोचल्यासारखं वाटेल.

तुमची,
उत्तरा

ता. क. सांडग्या मिरच्या असतील तर पाठवाव्यात. डोहाळे संपले म्हणतात, माझे या एका बाबतीत संपलेले नाहीत. पत्र खरं म्हणजे मिरच्यांसाठीच लिहिलं, असं कोणी विचारलं तर सांगा.

आणखी ता. क. एक गोष्ट वर लिहायची राहिली, म्हणजे मी राहू दिली. ओटीतला खण गोदूबाईंनी हुबळीच्या बाजारातून आणला होता. तो ज्या पिशवीत होता ती पिशवी आपल्या दुकानाची होती. गोदूबाईंना काही माहीत नव्हतं, त्यांना दुकानाची पायरी ठेंगणी होती म्हणून त्या तिथे चढल्या. त्यांनी हिरवा खण मागितला. दुकानदारांनी विचारलं, लेकीला का? गोदूबाई म्हणाल्या, लेक नाही, भाडेकरू आहे, नवनगरला, कॉलेजात शिकते, सातवा आहे, माहेरचं कोणी नाही. त्यावर त्यांनी हिरवा खण मोजला, मग फळीवर चढून एक मोरपंखी काढला, तोही बांधला, आणि पैसे घेतले नाहीत. म्हणाले, माहेरच्या खणाचे पैसे घेत नाही. मोरपंखी माझा आवडता रंग आहे, हे तुम्हाला आठवत असेल. पण तो पुष्कळ जणींचा असतो, आणि अप्पा गिऱ्हाइकांशी पहिल्यापासून चांगलेच वागतात. म्हणून मी काही अर्थ काढलेला नाही. मोरपंखीची चोळी काकूंकडून (शिवणकामवाल्या) शिवून घेतली आहे, अंगात जात नाही, उशाशी ठेवली आहे.

शेवटचं ता. क. कागद पुढे केल्यावर अप्पांनी सही केली तर तो लगेच पोस्टाने पाठवा. पैसे येतील, शिक्षण पुरं होईल, आणि मी तुम्हाला कधी बोल लावणार नाही. पण पेन हातात घेऊन ते थांबले, किंवा चष्मा सापडत नाही म्हणाले (चष्मा त्यांच्या कपाळावर असतो, तुम्हाला माहीत आहे), तर दुसऱ्यांदा सांगू नका. कागद हळूच काढून घ्या, त्यात मिरच्या बांधा, आणि मला नुसतं कळवा की चष्मा सापडला नाही. हिशेब लिहायची नोकरी मी बघून ठेवली आहे, आणि सत्र पुढच्या वर्षी धरता येतं, खरंच येतं. मग मी पुण्याला स्वतःच्या हाताने लिहून टाकीन, की वादिराज मास्तरांच्या अहवालात काहीही चूक नव्हती, अर्जदार श्रीमंत आहे.